घरातलं हॅम रेडिओ स्टेशन: खर्च गच्चीवरून खाली करत या

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रेडिओ कुठला घेऊ?" आणि मग दोन-तीन महिने यूट्यूबवर रिव्ह्यू बघण्यात जातात, आयकॉम घ्यायचा की याएसू, टचस्क्रीन आहे का, स्क्रीनवरचा वॉटरफॉल (सिग्नलचं सरकतं रंगीत चित्र) किती भारी दिसतो वगैरे वगैरे. अँटेनाचं काय विचारलं तर उत्तर येतं, "बघू नंतर, टाकू एखादी वायर बाल्कनीतून." माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. स्टेशन गच्चीवरून खाली बांधत यायचं. आधी अँटेना, मग केबल, मग पॉवर सप्लाय आणि अर्थिंग, मग घरातला नॉइज (रेडिओत येणारी खरखर), आणि टेबलावरचा रेडिओ सगळ्यात शेवटी. लाखाच्या घरातला रेडिओ बाल्कनीच्या ग्रिलला गुंडाळलेल्या वायरवर चालवण्यापेक्षा जुना सेकंडहँड रेडिओ आणि गच्चीवर नीट ताणलेला डायपोल (मध्ये केबल जोडलेली, दोन सारख्या वायरींची साधी अँटेना) कधीही लांब बोलतो, आणि ऐकायच्या बाबतीत तर फरक आणखीनच मोठा, कारण पॉवर वाढवून बोलणं थोडंफार रेटता येतं पण जे कानावर आलंच नाही त्याचं काय करणार.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या हौसेसाठी, शिकण्यासाठी, पैसे न कमावता वायरलेसवर बोलायची सरकारी परवानगी. आपल्याकडे ती केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा देते, वयाची १२ वर्षं पूर्ण असावी लागतात, एक परीक्षा असते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेत स्टेशनची ओळख सांगणारं नाव) मिळतो, जनरलवाल्याला व्हीयू२ ने, जनरलला मोर्स कोडही यावा लागतो आणि पॉवरची मुभा जास्त असते. फी आणि नियम अधूनमधून बदलतात म्हणून ते पोर्टलवरच वाचा, कोणाच्या जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. एक मात्र आधीच सांगतो, लायसन्स नसताना ऑनलाइन दिसला म्हणून हॅम बँडवर चालणारा स्वस्तातला वॉकीटॉकी मागवून त्यावर बोलायला लागणं हा गुन्हा आहे, "सगळेच घेतात" हे तिथे चालत नाही. लायसन्स यायच्या आत हात शिवशिवत असतील तर ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये फुकट ऐकता येतो, आणि पुढे स्टेशन सुरू झाल्यावर स्वतःचा आवाज युरोपात पोचतोय का हे बघायलाही तोच उपयोगी पडतो.

आता अँटेनाकडे वळायच्या आधी एक गोष्ट ठरवायला लागते, तुम्हाला बोलायचंय कोणाशी. कारण बँडप्रमाणे, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याप्रमाणे, सगळं बदलतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा जो दोन मीटरचा बँड आहे तो साधारण नजरेच्या रेषेत चालतो, म्हणजे शहरातल्या शहरात, किंवा एखाद्या डोंगरावर रिपीटर (ऐकलेलं तेच पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) असेल तर त्याच्या जोरावर दोन-तीन जिल्ह्यांत. पुण्यासारख्या चहूबाजूंनी डोंगर असलेल्या गावात याचा फायदा पण आहे आणि तोटा पण, रिपीटर उंचावर असतो त्यामुळे त्याचा पल्ला मोठा, पण तुमचं घर एखाद्या टेकडीच्या आड असेल तर तुम्ही त्याला दिसतच नाही. याउलट ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे चाळीस मीटरचा बँड. इथे लहर वर जाते, आयनोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येते. दिवसा चाळीस मीटरवर पुण्याहून नागपूर, हैदराबाद, बेळगाव असं आरामात बोलता येतं, बऱ्याच सकाळच्या नेट, म्हणजे हवेतल्या बैठका, याच बँडवर भरतात, रोज ठरलेल्या वेळी मंडळी हजेरी लावतात, एकमेकांचे सिग्नल रिपोर्ट घेतात, तब्येतीची चौकशी होते. अंधार पडला की हाच बँड लांबचा होतो, जवळची स्टेशन गायब आणि हजारो किलोमीटरवरची कानावर. आणि १४ मेगाहर्ट्झ, वीस मीटर, हा परदेशाशी बोलणाऱ्यांचा लाडका बँड, मुख्यतः दिवसा आणि संध्याकाळी.

पहिलं स्टेशन लावणाऱ्या माणसाला मी सांगेन की एक दोन मीटरची छोटी अँटेना आणि एक चाळीस मीटरचा डायपोल, एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं मजेत जातात. याच्या पलीकडचे टॉवर, फिरणारे बीम, रोटेटर हे ज्यांचं स्वतःचं घर आणि अंगण आहे त्यांच्यासाठी, आणि तेही नंतर.

दोन मीटरची अँटेना तर घरीच करा. एक चेसिसवर बसवायचं एसओ-२३९ सॉकेट (ज्यात केबलचा प्लग बसतो ते) घ्यायचं, चौकोनी पत्र्याचं, ज्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं असतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी सोल्डर करायची आणि चार भोकांत चार तारा, प्रत्येकी ५१ सेंटिमीटरच्या, नट-बोल्टने आवळून ४५ अंशात खाली वाकवायच्या. झाली अँटेना. ४९ का, तर १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास २ मीटर ७ सेंटिमीटर लांब असते, तिचा पाव भाग जरा कापून ४९ येतो. आणि तारा खाली का वाकवायच्या, तर त्या आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली वाकवल्या की तो ५०च्या जवळ येतो, आणि आपला रेडिओ, केबल सगळं ५० ओहमचं असतं. हे एकदा हाताने केलं की पुस्तकातलं इम्पीडन्स मॅचिंग डोक्यात बसतं, नुसतं वाचून बसत नाही. वरून पीव्हीसी पाईपमध्ये घालून पाईपला टोपी लावली की पाऊस पण आत जात नाही, फक्त पाईपमुळे फ्रिक्वेन्सी किंचित खाली सरकते म्हणून पाईपमध्ये घातल्यावर पुन्हा मोजून तारेचं टोक मिलिमीटर-मिलिमीटरने कापायचं.

डायपोलचं गणित पण असंच सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ साठी २० मीटर १४ सेंटिमीटर, म्हणजे मधून फीड करायचा आणि दोन्हीकडे १० मीटर ७ सेंटिमीटरच्या दोन वायरी. घरच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर मस्त चालते, प्लॅस्टिकचं आवरण काढायची गरज नाही. पण कापताना मापापेक्षा लांबच कापा. गच्चीचा स्लॅब, त्यातलं लोखंड, वायरचं आवरण, शेजारची पाण्याची टाकी, या सगळ्यांमुळे अँटेना कागदावरच्या मापाला कधीच बसत नाही. वर चढवली, नॅनोव्हीएनए नावाचं अँटेना मोजायचं छोटंसं यंत्र लावलं आणि समजा एसडब्ल्यूआर (हा काय ते पुढे सांगतो) सगळ्यात कमी ६.९ वर आला, तर त्याचा अर्थ अँटेना लांब आहे. किती लांब? आत्ताची लांबी गुणिले ६.९ भागिले ७.१. वायर २० मीटर ७० सेंटिमीटर असेल तर जवळपास ५८ सेंटिमीटर जास्त, म्हणजे दोन्हीकडून २९-२९ कमी करायची. आणि कमी करायची म्हणजे पक्कड घेऊन लगेच तोडायची नाही, टोक मागे दुमडून वायरवरच घट्ट गुंडाळायचं आणि पुन्हा मोजायचं. तोडलेली वायर वाढत नाही, दुमडलेली उलगडता येते.

एसडब्ल्यूआरचा लोकांना फार धसका असतो, त्याबद्दल जरा बोलू. रेडिओने पाठवलेली पॉवर अँटेनाला जुळली नाही तर त्यातली काही परत येते, ते प्रमाण सांगणारा हा आकडा. १.५ असेल तर परत येणारी पॉवर फक्त ४ टक्के, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. म्हणजे १.५ चा १.१ करायला अख्खा रविवार गच्चीवर उन्हात घालवणं हा निव्वळ हट्ट, त्याने समोरच्या माणसाला कणभर फरक ऐकू येत नाही. २च्या वर गेला की बहुतेक आधुनिक रेडिओ स्वतःला वाचवायला पॉवर कमी करायला लागतात, तेव्हा मात्र लक्ष घाला. आणि दुसरी गंमत, एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगली असं मुळीच नाही. ५० ओहमचा डमी लोड (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावला तर एसडब्ल्यूआर एकदम १ येतो आणि आवाज खोलीच्या बाहेर जात नाही! म्हणून टेबलावर ट्यूनर (जुळवणी करणारा डबा) लावून सुई खाली आणली आणि अँटेना सुधारली असं समजू नका, ट्यूनर रेडिओची समजूत काढतो, गच्चीवरची वायर होती तशीच राहते.

फ्लॅटमध्ये गच्ची मिळवणं हा खरा डोंगर. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाताना लायसन्सची झेरॉक्स घेऊन जा आणि काय लावणार ते कागदावर काढून दाखवा, दोन पाईप आणि एक बारीक वायर, भोकं पाडणार नाही, कठड्याला क्लॅम्प लावणार, वॉटरप्रूफिंगला हात लावणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण गच्ची गळायला लागली की त्याचं खापर तुमच्या अँटेनावर फुटणार हे नक्की. "हा मोबाइल टॉवरसारखा प्रकार आहे का" हा प्रश्न येणारच. नाही, टॉवर दिवसरात्र चालू असतो, तुम्ही दिवसातून थोडा वेळ बोलता आणि त्यातही निम्मा वेळ ऐकता. त्यांना २००४ची गोष्ट सांगा. दिल्लीच्या भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, त्या डिसेंबरमध्ये अंदमानातून हॅम स्टेशन चालवायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, २६ तारखेला सुनामी आली, फोन बंद पडले आणि हौस म्हणून लावलेलं त्यांचं स्टेशन बेटांवरचे निरोप बाहेर पोचवायला लागलं. अशी एक गोष्ट दहा नियमांपेक्षा जास्त काम करते, बघा सांगून.

परवानगी मिळाली की डायपोल उलट्या व्ही आकारात लावा. मधला बिंदू सहा मीटरच्या जीआय पाईपवर, जिन्यावरच्या खोलीच्या किंवा लिफ्टच्या मशीन रूमच्या भिंतीला धरून, आणि दोन्ही टोकं दोन कोपऱ्यांकडे खाली उतरती. दोन पायांमधला कोन ९० अंशापेक्षा कमी होऊ देऊ नका. एकच उंच खांब लागतो हा याचा फायदा. टोकं मात्र माणसाच्या हाताला लागतील अशी कधीच ठेवायची नाहीत, कारण डायपोलच्या टोकाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, १०० वॉटला शेकड्यात जातं, हात लागला तर बारीकसा पण खोलवर चटका बसतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात, पोरं राखण करत बसलेली असतात, तर त्या दिवसात टोकं डोक्याच्या बऱ्याच वर आणि खाली दोरी, असंच हवं. साधी नायलॉनची दोरी उन्हाने एक-दोन वर्षांत भुसभुशीत होते, ती दर पावसाळ्याआधी ओढून बघा. संक्रांतीला मांजा अडकतो तो काढून टाका. आणि विजेच्या तारा जवळ असतील तिथे, अँटेना पडली तर तारेवर पडेल अशा जागी, ती लावायचीच नाही, यावर चर्चा नको.

ज्यांना गच्ची मिळतच नाही त्यांच्यासाठी एका टोकातून फीड करायची अर्ध्या लहरीची वायर असते, २० मीटर वायर आणि टोकाशी ४९ला १ चा ट्रान्सफॉर्मर, खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत (झाड सोसायटीचं असेल तर पुन्हा सेक्रेटरी). किंवा बाल्कनीत मॅग्नेटिक लूप, म्हणजे गोल कड्यासारखी छोटी अँटेना. चालतात, पण लूपची बँडविड्थ इतकी कमी की फ्रिक्वेन्सी जरा बदलली की पुन्हा ट्यून करा, आणि लूपजवळ बसून जास्त पॉवर वापरणं बरं नाही. अशा वेळी एफटी८ नावाचा डिजिटल मोड जीव वाचवतो, त्यात कॉम्प्युटर १५ सेकंदांच्या पाळीने बारीक सूर पाठवतो आणि कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण सिग्नल सॉफ्टवेअर उकलतं. गप्पा होत नाहीत, नुसता कॉलसाइन आणि रिपोर्ट, त्यामुळे मला त्याचा लवकर कंटाळा येतो, पण बाल्कनीतून जपान पकडलेला माणूस तुम्हाला वेगळं सांगेल.

केबलवर लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात आणि ती सगळ्यात महागात पडते. केबल म्हणजे टाकीपासून नळापर्यंतचा पाईप आहे, तो गळका असेल तर टाकी कितीही मोठी बांधा. आकडे बघा. गच्चीपासून खोलीपर्यंत २० मीटर केबल धरू. १४५ मेगाहर्ट्झवर बारीक आरजी-५८ वापरली तर जवळपास ४ डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे ५० वॉट पाठवले तर वर २० पोचतात. आरजी-२१३ ला ३३च्या आसपास, आणि एलएमआर-४०० ला ४०. आणि येणारा सिग्नल पण तितकाच मार खातो हे विसरू नका. पण तीच आरजी-५८ ७ मेगाहर्ट्झवर लावली तर २० मीटरला एक डेसिबलसुद्धा जात नाही, ८० टक्क्यांच्या वर पोचतं. म्हणून चाळीस मीटरच्या डायपोलला जाडजूड महाग केबल लावायची काही गरज नाही, ते पैसे दोन मीटरच्या केबलला लावा. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती फुकट मिळाली म्हणून वापरायचा मोह होतो, ऐकायला ठीक, बोलायला सुरुवातीला तरी नकोच.

केबलपेक्षा जास्त त्रास कनेक्टर देतात. पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा प्लग) नीट डाग देऊन लावणं हे कौशल्याचं काम आहे, लहान सोल्डरिंग आयर्नने ते गरमच होत नाही, वरून सोल्डर चमकतं आणि आत केबलची तारांची जाळी सुटी. लावून झाला की मल्टिमीटरने मधली पिन ते बॉडी शॉर्ट नाही ना आणि दोन्ही टोकांची पिन ते पिन जोडलेली आहे ना हे बघायचंच. गच्चीवरच्या कनेक्टरला स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप. कोकणात किंवा महाबळेश्वरकडे राहणाऱ्यांनी तर दोन थर. एकदा पाणी केबलच्या जाळीत शिरलं की ते केशनळीसारखं आतवर चढत जातं आणि ती केबल गेलीच समजा. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला बाहेर खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, भिंतीत उतरणार नाही.

आता विजेचं बघू. १०० वॉटचा एचएफ (७, १४ मेगाहर्ट्झसारख्या लांबच्या बँडचा) रेडिओ १३.८ व्होल्टवर चालतो आणि बोलताना २०-२२ अँपिअर ओढतो. म्हणून ३० अँपिअरचा सप्लाय घ्यायचा, लॅपटॉप किंवा सीसीटीव्हीचा अडॅप्टर इथे चालत नाही. आणि सप्लायपासून रेडिओपर्यंतची वायर जाड हवी. दीड स्क्वेअर एमएमची दोन मीटर वायर लावली तर जाऊन-येऊन चार मीटर होते, २२ अँपिअरला त्यात एक व्होल्टच्या वर पडतो, रेडिओला १२.७ मिळतात आणि मग "माझ्या आवाजाचं मॉड्युलेशन फाटतंय असं सगळे सांगतात" अशी तक्रार. चार स्क्वेअर एमएम घेतली की हा पडणारा व्होल्टेज ०.४ वर येतो. रेडिओबरोबर आलेल्या वायरीत दोन्ही बाजूंना फ्यूज असतात, ते काढू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवावी आणि रेडिओ तिच्यावर चालवावा, लाइट गेली तरी स्टेशन चालू राहतं आणि, पुढे सांगतो तसा, नॉइज शोधायला पण तीच लागते.

अर्थिंगबद्दल लोक सगळ्यात जास्त गोंधळतात कारण एकाच नावाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, शॉक लागू नये म्हणून प्लगमधली तिसरी पिन. जुन्या बिल्डिंगमध्ये ही पिन कित्येकदा नुसती शोभेला असते, मागे वायरच नसते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, त्यात हौस नको. दुसरं, वीज पडण्यापासून बचाव. गच्चीवरचा धातूचा खांब बिल्डिंगच्या अर्थिंगशी जाड पट्टीने जोडायचा, कोपऱ्यात वेगळा खड्डा करून त्याला सुटा ठेवायचा नाही, कारण वीज पडली की दोन अर्थमधला फरकच घातक ठरतो, आणि हे काम सुद्धा जाणकार माणसाकडून. तिसरं रेडिओचं म्हणजे आरएफ ग्राउंड, अँटेनाच्या रेडिओ करंटसाठीचं अर्थिंग, आणि मध्ये फीड केलेल्या डायपोलला त्याची गरज जवळपास नसतेच. माइकला ओठ लागले की चटका बसतो, कॉम्प्युटर बोलताना हँग होतो, असं होत असेल तर पाचव्या मजल्यावरून खाली अर्थची वायर सोडू नका, ती स्वतःच अँटेना बनते. केबल डायपोलच्या मध्याशी फेराइटच्या (काळ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर दहा-बारा वेढे गुंडाळून घ्या, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगाने परत येणारा करंट तिथेच अडतो.

आणि विजांचं खरं औषध म्हणजे केबल काढून ठेवणं. आपल्याकडे धोका जुलैच्या संततधारेत कमी आणि मे मधल्या वळवात, ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात जास्त. दुपारी ढग जमायला लागले की केबल काढा, आणि काढलेलं टोक टेबलाखाली नको, खिडकीबाहेर. टोक काचेच्या बरणीत ठेवायचा जुना सल्ला ऐकू येतो, पण जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत हवा फाडून येते तिला बरणी काय करणार. गडगडाट ऐकू यायला लागल्यावर केबल काढायला जायचं नाही, तेव्हा उशीर झालेला असतो.

एवढं सगळं लावून रेडिओ चालू केला आणि ७ मेगाहर्ट्झवर नुसता घर्रर्र आवाज, एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारी पट्टी) एस-८ वर चिकटलेला, कोणी ऐकूच येत नाही. शहरातला हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे आणि महागडा रेडिओ घेऊन तो सुटत नाही. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, वायफायचे अडॅप्टर, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचे इन्व्हर्टर, हे सगळे आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात आणि त्याचा कचरा हवेत फेकतात. शोधायची पद्धत अशी की रेडिओ बॅटरीवर लावायचा, बॅटरीचा चार्जर काढायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. नॉइज कमी झाला तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याला मीटर उडी मारेल त्या खोलीत जाऊन एकेक प्लग. नाही कमी झाला तर बाहेरचा आहे, मग खिशातला मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून जिन्यात फिरायचं, जिथे घरघर वाढते तिकडे जायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये असं फिरता फिरता एका बंद फ्लॅटच्या दाराशी घरघर सगळ्यात जास्त आली, मालक परदेशात, आत काय चालू असणार म्हणून सगळे चकित, तर दारावरच्या तोरणात दिवाळीपासूनची एलईडीची माळ चालूच होती आणि तिचा अडॅप्टर बोंब मारत होता. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती, त्यांनी आत जाऊन तो काढला आणि बँड एकदम शांत. शेजाऱ्याच्या घरातलं काही सापडलं तर तक्रारीच्या सुरात जाऊ नका, नवा चांगला अडॅप्टर स्वतःच्या खर्चाने घेऊन जा, दोनशे-तीनशे रुपयांत वर्षानुवर्षांची शांतता मिळते आणि वर चहा पण. घरातल्या वायरींना क्लिपसारखे फेराइट लावता येतात, पण एचएफला एक क्लिप फारसं काही करत नाही, वायरचे जमतील तेवढे वेढे त्यातून घालावे लागतात.

राहता राहिला रेडिओ. आता तो निवडणं सोपं आहे कारण अँटेना कुठली आणि बोलायचंय कोणाशी हे ठरलेलं आहे. दोन मीटरसाठी गाडीत लावायचा ५० वॉटचा सेट टेबलावर छान चालतो. एचएफसाठी आयसी-७३०० सारखा रेडिओ लोकप्रिय आहे, स्क्रीनवर बँड दिसतो त्यामुळे शिकायला सोपा, पण पहिला रेडिओ म्हणून ओळखीच्या जुन्या हॅमकडचा वापरलेला सेट मला जास्त पटतो, घेण्याआधी त्यांच्याच घरी बसून चालवून बघता येतो. सोल्डरिंगची आवड असेल तर हैदराबादच्या अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी डिझाइन केलेल्या बिटएक्सकडे बघा, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून एसएसबी (एचएफवर आवाजाने बोलायची नेहमीची पद्धत) रेडिओ बांधायचा हे त्यातलं सूत्र, आणि जगभर लोकांनी तो बांधलाय. त्याची पुढची आवृत्ती म्हणजे मायक्रोबिटएक्स, १० वॉटच्या आसपास पॉवर देतो, आणि नीट डायपोलवर १० वॉट म्हणजे चेष्टा नाही. १०० आणि १० यात १० डेसिबलचा फरक, एस मीटरवर दोन खुणासुद्धा नाही, कारण एक खूण ६ डेसिबलची.

हवेत पहिल्यांदा जाताना आधी ऐका, मग "ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का" असं विचारा, मग कॉलसाइन. सकाळच्या नेटमध्ये शिरायचं असेल तर चालवणारा नवीन स्टेशनना बोलावतो तेव्हा फक्त कॉलसाइन सांगून थांबा, तो नाव घेईल. नवा आवाज ऐकला की मंडळी खूश होतात, दोन-चार जण अँटेना काय, उंची किती हे विचारणारच, रेडिओ कुठला ते बऱ्याचदा सगळ्यात शेवटी.

आणि लॉग पहिल्याच कॉन्टॅक्टपासून लिहा, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, समोरचा कॉलसाइन, दोन्हीकडचे रिपोर्ट. वेळ मात्र यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. यात नवीन लोक हमखास अडकतात ते तारखेला, कारण रविवारी पहाटे ४ वाजता केलेला कॉन्टॅक्ट यूटीसीत शनिवारचा २२:३० असतो, तो रविवारच्या तारखेने टाकला की लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर (दोन्हीकडच्या नोंदी जुळवून कॉन्टॅक्ट पक्का करणारी ऑनलाइन सेवा) समोरच्याच्या नोंदीशी जुळतच नाही, तिथे अर्ध्या तासापर्यंतचाच फरक चालतो. शॅकमध्ये, म्हणजे स्टेशनच्या खोलीत, एक दुसरं घड्याळ यूटीसीला लावून टाका आणि कॉम्प्युटरच्या लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइम झोन एकदा तपासून घ्या.